सरळ डिस्चार्ज लिहा ना

‘अहो, सरळ डिस्चार्ज लिहा ना, सगळ्यांना कळतं.’ महिन्यातून दोनदा तरी हे ऐकते. काम देणारे म्हणतात, शिकायला येणारी मुलं म्हणतात, परवा माझी नणंदही म्हणाली. मग पुढचा प्रश्न येतोच. एका शब्दापायी तुम्ही चार-चार फोन का करता? आजवर ‘संदर्भ बघावा लागतो’ एवढं बोलून विषय मिटवत आले. पण तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी सगळं सांगते.

माझ्याकडे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला दवाखान्यांची पत्रकं येतात, विम्याचे कागद येतात, अधूनमधून कोर्टाचे. डिस्चार्ज तिन्हीकडे भेटतो. आरोग्यविम्याच्या एकाच फायलीत ‘डिस्चार्ज समरी’ असते, म्हणजे पेशंटला घरी सोडताना दिलेला गोषवारा. आणि ‘डिस्चार्ज व्हाउचर’ असतं, म्हणजे पैसे मिळाले, आता कंपनीकडे आमचं काही मागणं उरलं नाही, अशी तुमच्या सहीची कबुली. दोन्हींना डिस्चार्ज म्हणून टाकलं तर लोक दुसऱ्या कागदावर पहिला समजून सही करतात. कोर्टात आरोप निश्चित व्हायच्या आधीच, पुरेसा आधार नाही म्हणून आरोपीला सोडलं, तर तो डिस्चार्ज. खटला चालून सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता. पहिल्यात नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं, दुसऱ्यात त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. एवढा फरक त्या एका शब्दात दडलेला असतो, आणि मला म्हणतात की सगळ्यांना कळतं.

मूळ शब्द गाडीवरचा आहे. लॅटिन ‘कारुस’ म्हणजे गाडी. तिच्यावरचं ओझं उतरवणं या अर्थाचा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मग काहीही उतरलं, सुटलं, मोकळं झालं की इंग्रज डिस्चार्ज म्हणू लागला. बंदुकीतली गोळी, सैन्यातला शिपाई, डोक्यावरचं कर्ज, अंगावरचं कर्तव्य, धरणाचं पाणी, जखमेतला पू. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे. गोळी सुटते, कर्ज फिटतं, कर्तव्य बजावतात, बॅटरी उतरते. शरीरापुरतं बोलायचं तरी कान वाहतो, नाक गळतं, डोळ्याला चिपडं येतात, बायकांच्या अंगावरून पांढरं जातं, जखम चिघळते. इंग्रजी पत्रकात या सगळ्यांसमोर तोच एक शब्द असतो. मी फोन करते तो यांतलं नेमकं काय म्हणायचंय ते विचारायला.

पण खरं सांगायचं तर पूर्वी मीही फोन करत नसे. उलट, तुम्ही आज मला जे सांगता तेच मी तेव्हा दुसऱ्यांना सांगत होते.

एका एजन्सीमार्फत ऑपरेशननंतरच्या सूचनांचं पत्रक आलं होतं. त्यात जखमेच्या काळजीखाली एक ओळ होती: डिस्चार्ज झाल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवा. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या मजकुरात ‘स्राव’ असा बदल सुचवला. मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. लोकांच्या तोंडी जो शब्द आहे तोच लिहावा, स्राव हा पुस्तकी शब्द आहे, तो पेशंटला परका वाटतो, भाषा लोकांची असते, वगैरे. पत्र चांगलं होतं. मला त्याचा अभिमान होता. बाईंनी माघार घेतली आणि डिस्चार्ज राहिला.

दोन वर्षांनी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, पोटात जाळी बसवली. आई-बाबा कऱ्हाडला असतात. मी चार दिवस रजा काढून गेले आणि ते घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी परतले. आई प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती. आलेला प्रत्येक कागद ती हातात पेन घेऊन वाचते. दवाखान्याने दिलेलं पत्रकही तिने तसंच वाचलं आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. जुलै महिना होता, बाहेर संततधार. टीव्हीवर कोयनेच्या पायथा वीजगृहातून १०५० क्युसेक विसर्ग सुरू असल्याची पट्टी सरकत होती. तिला विसर्ग कळत होता, क्युसेकही कळत होता. नदीकाठची बाई आहे ती.

सहाव्या दिवशी फोनवर ती म्हणाली, ‘टाक्यांच्या खाली थोडं पाणी येतंय गं. घाम असेल. कपडा बदलते.’ मी म्हटलं, दाखवून ये. ती म्हणाली, पाऊस थांबला की जाऊ. मी पुन्हा म्हटलं नाही. नवव्या रात्री बाबांना थंडी वाजून ताप भरला. जखम उघडून धुवावी लागली, सतरा दिवस ते ॲडमिट होते. जाळी वाचली. बाबा निम्मे झाले.

दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले असताना मी ते पत्रक उचललं. ओळखायला दोन वाक्यं पुरली, वाक्यं माझीच होती. डिस्चार्ज झाल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवा, या ओळीखाली आईची रेघ होती, आणि समासात तारीख घालून लिहिलं होतं, ‘कळवले’. मी तिला विचारलं, काय कळवलंस? ती म्हणाली, ‘घरी आल्या आल्या फोन केला ना दवाखान्यात. सांगितलं की डिस्चार्ज झालाय, घरी पोचलो. ती मुलगी म्हणाली, बरं.’

तिने सूचना पाळली होती, एक शब्दही न चुकता.

तिला मी काही बोलले नाही. आजपर्यंत तिला ते पत्रक कोणी लिहिलं ते ठाऊक नाही. हे वाचून कळेल बहुधा.

माझ्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. मूळ इंग्रजीतच ‘जखमेतून’ हा शब्द नव्हता. जखमेच्या काळजीचा मथळा मागच्या पानावर होता आणि माझ्या हातात येणारा मजकूर सुट्या ओळींचा होता. पाणी आलं हे आईने मला सांगितलं तेव्हा मी तिला गाडी करून पाठवायला हवं होतं, ती चूक भाषेची नव्हतीच. हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. पण ‘लोकांच्या तोंडी जो शब्द आहे तोच लिहावा’ हे वाक्यही माझंच होतं. शब्द लोकांच्या तोंडी होता, पण त्यांच्याकडे येताना तो एक-दोनच अर्थ घेऊन आला होता. मराठी माणसाचा डिस्चार्ज म्हणजे दवाखान्यातून घरी येणं, फार तर मोबाईलची बॅटरी संपणं. बाकीचे अर्थ इंग्रजीतच राहिले. मी इंग्रजी वाचणारी, मला ते सगळे दिसत होते, आणि मी धरून चालले की आईलाही दिसतील.

मग स्राव बरोबर होता का? त्या बाई बरोबर होत्या, असं तुम्ही म्हणाल. मला अजून तसं म्हणवत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना मी विचारून बघितलं, त्यांना स्राव म्हणजे रक्त वाटलं. ‘पू’ लिहावं, तर सुरुवातीला येतं ते पू नसतं, नितळ पाणी असतं, आणि आई फसली ती तिथेच. त्या पाण्याला मराठीत अगदी नेमका शब्द होता. माझी आजी म्हणायची, ‘जखमेतून लस येतेय.’ लस म्हणजे जखमेतून झिरपणारं पातळ पाणी. २०२१ नंतर तो शब्द पेशंटसमोर ठेवून बघा. आज लस म्हणजे दंडात टोचायची सुई, दुसरं काही कुणाच्या मनात येणार नाही. कधी वाटतं ‘सोडणे’ घ्यावं. धरणातून पाणी सोडतात, कोर्ट सोडतं, दवाखान्यातून घरी सोडतात, गाडीपासून निघालेल्या त्या इंग्रजी शब्दाच्या जवळ जाणारं तेवढं एकच. पण जखम पाणी सोडते म्हणावं, तर ती भाजीसारखी वाटते.

सध्या मी लिहिते, ‘टाक्यांतून पाणी, पू किंवा रक्त येऊ लागलं, किंवा पट्टी ओली झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.’ एका सर्जननी त्यावरही विचारलं, पोटातलं हिरवट पित्त आलं तर? तेही घालायला हवं. वाक्य लांबतं, लांबलं की कोणी वाचत नाही, हेही मला दिसतंय.

या आठवड्यात त्याच एजन्सीकडून नवा तक्ता आला आहे. मोबाईलवर दिसणार म्हणून एका सूचनेला चार शब्दांची जागा आहे, आणि शेऱ्यात लिहिलंय की सोपे, रोजच्या वापरातले शब्द ठेवावेत. तिसऱ्या ओळीत डिस्चार्ज आहे. बाकीच्या ओळी भरून झाल्यात. मंगळवारी पाठवायचा होता, अजून पाठवलेला नाही.