जीब दाखय!

आजी ९७ वर्षांची होऊन गेली, ऐन लावणीच्या दिवसात. ती लढाईत नर्स होती हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण लढाईचं ती फारसं बोलायची नाही. बोलली तरी गोळ्यांचं. बंदुकीच्या नाही, औषधाच्या.

१९४३ मध्ये २१ वर्षांची असताना मालवणहून पडावात बसून बोटीवर चढली, मुंबईला गेली आणि तिथून थेट आसाम. कोहिमाच्या लढाईतले जखमी दिमापूरला यायचे, पण आजी म्हणायची की जखमांपेक्षा हिवतापानेच जास्त माणसं आडवी झालेली. हिवतापावरचं क्विनाईन बहुतेक यायचं जावाहून, आणि जावा १९४२ मध्येच जपान्यांनी घेतलेलं, म्हणून सगळ्यांना त्याऐवजी मेपाक्रीनच्या गोळ्या द्यायचे. त्याने अंग पिवळं पडायचं, आणि वर अशी अफवा की ही गोळी घेतली की मूल होत नाही. त्यामुळे पोरं गोळी गालात धरून ठेवायची आणि नर्सची पाठ फिरली की थुंकायची! मग आजी प्रत्येकासमोर उभी राहून पाणी पाजायची आणि तोंड उघडायला लावायची. विशी-बाविशीची पोरं ती, घरापासून इतकी लांब, त्यांना ओरडायला जीव व्हायचा नाही म्हणायची, पण ओरडायची.

हे आम्ही नातवंडांनी पुरेपूर भोगलंय. साधी तापाची गोळी असली तरी "जीब दाखय!" झाल्याशिवाय सुटका नाही.

आमच्याकडे लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या शेतातल्या पाण्यातून होणारा ताप, सुरू झाल्यावर आशाताई लावणीच्या आधी तो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिनच्या) गोळ्या वाटायला लागली, आठवड्याला एकदा घ्यायच्या. बायका घ्यायच्या आणि पदराला बांधून ठेवायच्या, पोटात आग पडते म्हणून. आजीला कळलं तशी ती सकाळी तरवा (भाताची रोपं) काढायला जाणाऱ्या बायकांना पडवीतच थांबवायची, आधी पेज खायला घालायची, मग गोळी, मग जीभ. नव्वदीतली बाई काठी टेकून उभी, कोण नाही म्हणणार? मला विचाराल तर दिमापूरपेक्षा हे मोठं काम होतं, कारण इथे तिला कोणी ड्युटी लावलेली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात मीच तिला गोळ्या द्यायचे. मी काही म्हणायच्या आत ती तोंड उघडून दाखवायची.

ती गेल्यावर तिच्या बटव्यात डॉक्सीची पट्टी आणि एक चिठ्ठी मिळाली, थरथरत्या अक्षरात दोन बायकांची नावं, त्या आठवड्याची गोळी राहिलेल्या. आई दहाव्याचीही वाट न बघता दोघींच्या शेतावर गेली, गोळ्या दिल्या, आणि जीभ बघूनच परत आली.