तिसऱ्या घंटेपासून सकाळच्या चहापर्यंत: आमची वाटचाल

पहिल्या मोठ्या कामाचे फोटो आम्ही अकराव्या दिवशी दिले. भरत नाट्य मंदिरात एका कथक शिक्षिकेच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम होता. एकेका फोटोवर दहा-दहा मिनिटं बसून घुंगरांची चमक, कपाळावरचा घाम, मागच्या पडद्याचा रंग असं सगळं निगुतीनं केलं होतं. ताईंनी फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "सुंदर आलेत रे. पण आता पाठवू कुणाला? मुलींचे मोबाइलवरचे फोटो त्याच रात्री सगळीकडे गेले." पैसे त्यांनी पूर्ण दिले. पुढच्या वर्षी मात्र बोलावलं नाही.

तेव्हा मी आणि माझा कॉलेजातला मित्र, असे दोघंच होतो. नारायण पेठेत एक खोली, एक जुना कॉम्प्युटर आणि लग्नाच्या ऑर्डरी. लग्नाचा अल्बम महिन्याभरानं दिला तरी घरचे वाट पाहतात. रंगमंचावरच्या कार्यक्रमाचं तसं नाही. कलाकाराला त्या रात्रीचा आनंद दुसऱ्या दिवशी सकाळी चार जणांना दाखवायचा असतो आणि आयोजकाला त्याच रात्री वर्तमानपत्राची मुदत गाठायची असते. ताईंचं वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी आम्ही ठरवलं, लग्नं हळूहळू सोडायची आणि नाटक, संगीत, नृत्य एवढंच करायचं. पुण्यात हे काम कमी नाही. ऑगस्टपासून कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक आणि भरतच्या बाहेरची 'आव्वाज कुणाचा' ही आरोळी, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, आणि वर्षभर बालगंधर्व, टिळक स्मारक, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण ही नाट्यगृहं.

कामाला शिस्त लावली ती माझ्या धाकट्या बहिणीनं. ती एका वर्तमानपत्रात उपसंपादक होती, नोकरी सोडून आमच्यात आली. पहिला आठवडा ती नुसती माझ्या मागे बसून पाहत होती. तीन तासांचा कार्यक्रम, दोन कॅमेरे, दीड हजार फ्रेम. मी एक फोटो उघडायचो, तो नीट दिसेपर्यंत थांबायचो, रंग लावायचो, आणि मग पुढचाच फोटो त्याहून चांगला निघायचा. ती म्हणाली, "दादा, तू निवडतोयस की दुरुस्त करतोयस? एका वेळी एकच कर." आमच्या सगळ्या कामाची घडी या एका प्रश्नानं बदलली.

त्याचं तंत्र साधं आहे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं नोंदलेली कच्ची माहिती, उघडायला वेळ लागतो, कारण सॉफ्टवेअर तिच्यातून चित्र नव्यानं घडवतं. पण कॅमेऱ्यानं स्वतः बनवलेलं एक जेपेग प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात आधीच असतं. फोटो मेकॅनिक नावाचं सॉफ्टवेअर तेवढंच उचलून दाखवतं, म्हणून त्यात फोटो झरझर पुढे सरकतात. लाइटरूम क्लासिक या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही २०१७ पासून आयात करताना तेच जेपेग वापरायची सोय आहे. शिवाय लाइटरूममध्ये कॅप्स लॉक चालू ठेवून 'पी' दाबलं की फोटोला खूण होते आणि पुढचा आपोआप समोर येतो. पहिल्या फेरीत आम्ही रंगाला हात लावत नाही. आणि वाईट फोटो वेचून काढत नाही, चांगला तेवढा उचलतो. दीड हजारांतले तेराशे वाईट ठरवत बसण्यापेक्षा दोनशे चांगले उचलणं डोळ्यांनाही सोपं जातं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पहिली फेरी होते. दुसऱ्या फेरीत दोनशेचे ऐंशी होतात आणि रंगाचं काम तिथून सुरू होतं.

ऐंशीच का, असं आयोजक विचारतात. आठशे द्या म्हणतात. आम्ही देत नाही. निवड हेच आमचं काम आहे, ते ग्राहकाच्या गळ्यात घालणं मला पटत नाही. शिवाय काही फोटो द्यायचेच नसतात. तान घेताना गायकाचा चेहरा क्षणभर वेडावाकडा होतो. फोटो लखलखीत असेल, पण त्या माणसाचं गाणं त्यात नसतं. समेवर आल्यावर तबलजीकडे टाकलेली नजर, ती आम्ही शोधतो. आणि मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याचा एक तरी नीट फोटो असलाच पाहिजे. बऱ्याचदा त्या मुलाची एवढ्या मोठ्या मंचावरची पहिलीच वेळ असते.

एडिटिंगचा वेळ वाचतो तो बहुतांशी कॅमेऱ्यापाशी आणि तालमीतच. पूर्वी हॅलोजनच्या उजेडात एकदा पांढऱ्या रंगाचा तोल बसवला की अख्खा प्रयोग निभायचा. आता निळ्या-जांभळ्या एलईडीत चेहरा सपाट होतो, कारण सेन्सरच्या लाल, हिरवा, निळा या तीन रंगांपैकी एकच काठोकाठ भरतो आणि बाकीच्या दोघांत जवळजवळ काहीच उरत नाही. असा फोटो नंतर कितीही घासला तरी गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहायचा आणि उजेड थोडा कमीच घ्यायचा. नाटक असेल तर आम्ही रंगीत तालमीला जातो. प्रकाशयोजनेच्या प्रत्येक बदलाला दोन-दोन फ्रेम काढतो आणि त्याच रात्री प्रवेशागणिक प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाच्या दुरुस्तीचे तयार साचे, करून ठेवतो. प्रयोगाच्या दिवशी निवडलेल्या फोटोंवर ते प्रीसेट टाकायचे आणि उरलेली दुरुस्ती हातानं करायची. चेहरा जांभळा असेल तर तो जांभळाच ठेवतो. प्रकाशयोजनाकारानं विचार करून दिलेला रंग पुसून टाकायचा हक्क आपल्याला नाही.

शटरच्या आवाजाचा प्रश्न मैफलीत येतो. विलंबित ख्यालात खट्खट् ऐकून पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. मिररलेस कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही, पण एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात. असे पट्टे एडिटिंगमध्ये काढणं म्हणजे एका फोटोला अर्धा तास. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवला की बहुतेकदा निभावतं. मंचावरच्या एलईडीचं गणित वेगळं, ते साउंड चेकच्या वेळीच तपासून घ्यावं लागतं. कथकच्या चक्करांना १/५०० च्या खाली जाता येत नाही, तिथे आम्ही यांत्रिक शटरच वापरतो. घुंगरांत तो आवाज विरून जातो.

तिसऱ्या घंटेआधी फोटो काढणारे दोघंही एकाच मोबाइलच्या सेकंदासकट घड्याळाचा एकेक फोटो काढतो. दोन कॅमेऱ्यांच्या वेळांत फरक असेल तर तो त्यावरून कळतो, लाइटरूममध्ये वेळ सरकवली की सगळे फोटो क्रमानं लागतात. मध्यंतरात पहिली कार्डं बहिणीकडे जातात. ती विंगेमागे लॅपटॉप घेऊन बसलेली असते. पडदा पडेपर्यंत दहा फोटो आयोजकाच्या हातात असतात, बाकीचे सकाळच्या चहापर्यंत. फोटो दोन ठिकाणी उतरवून तिसरी प्रत बहिणीच्या कोथरूडच्या घरी पोचेपर्यंत एकही कार्ड पुसायचं नाही, याला अपवाद नाही.

एक चूक मात्र लिहायलाच हवी, कारण ती पूर्णपणे माझी होती. एका मैफलीचा फोटो घाईत पाठवताना मी तबल्याच्या साथीदाराचं नाव चुकीचं टाकलं आणि ते तसंच छापून आलं. मी घरी जाऊन माफी मागितली. ते फार काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यानंतर कार्यक्रमाआधीच नावांची यादी आयोजकाकडून लेखी घेतो, बहीण ती कलाकारांना दाखवून तपासते, आणि निवड झाल्याबरोबर नावं आयपीटीसी रकान्यांत, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या ठरावीक जागांत, फोटोच्या आतच भरली जातात. नाव नसलेला फोटो आता बाहेर जात नाही.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. ते दिवस कसे काढले त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. लग्नाची दोन-चार छोटी कामं पुन्हा घेतली, एवढंच. एक गोष्ट झाली: जुन्या डिस्क उघडल्या. पहिल्या तीन वर्षांच्या फोटोंत कुणाचंच नाव नव्हतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये एआयनं नॉइज, म्हणजे फोटोतला रवाळपणा, काढायची सोय आली. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलानं उत्साहात सगळ्या दोनशे फोटोंवर ती लावली आणि मशीन पहाटेपर्यंत अडकून पडलं. आता शेवटच्या ऐंशीतल्या, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० च्या वरच्या फोटोंनाच लावतो. छापून यायचे नसतील तर तेही नाही. थोडी रवाळ छटा मैफलीच्या फोटोला शोभते, असं माझं मत.

आज आम्ही पाच जण आहोत. एखादे बुजुर्ग कलाकार गेले की रात्री वर्तमानपत्रातून फोन येतो आणि नावावरून फोटो दोन मिनिटांत सापडतो. पहिल्या तीन वर्षांतलं काही मात्र सापडत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी सदाशिव पेठेतले एक जुने श्रोते आमच्याकडे येतात. आम्ही पडद्यावर फोटो लावतो, ते नावं सांगतात, बहीण टाइप करते. दोन डिस्क झाल्या, तिसरी सुरू आहे. तिच्यात एक हार्मोनियमवादक आहेत, करड्या कोटातले, डोळे मिटून वाजवणारे. या श्रोत्या काकांनी त्यांना दोनदा ऐकलंय, पण नाव आठवत नाही. तो फोटो छापून भिंतीवर लावलाय, येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो.