९ सप्टेंबर आणि युस्सी ब्योर्लिंग

आज ९ सप्टेंबर. १९६० साली याच तारखेला स्वीडिश टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीतल्या आवाजाचे ऑपेरा गायक, युस्सी ब्योर्लिंग यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४९ वर्षांचे होते. माझे ऑपेराचे वेड त्यांच्या ध्वनिमुद्रणांपासूनच सुरू झाले. पुढे कारुझो आणि पावारोत्ती हे नामवंत इटालियन टेनर ऐकले, दोघांवरही मनापासून प्रेम केले. परंतु ब्योर्लिंग यांची जागा इतक्या वर्षांत कोणालाही देता आली नाही.

त्यांचे वडील डेव्हिड हे स्वतः टेनर होते आणि त्यांनी आपल्या मुलांना अगदी लहानपणापासून गळा तयार करण्याची शिस्त लावली. आपल्याकडे घराण्यात जन्मलेल्या मुलाला बोलता येण्याबरोबरच सुरांची तालीम मिळते, तसेच हे होते. १९१९ पासून ही भावंडे वडिलांबरोबर अमेरिकाभर गात फिरली. पुढे स्टॉकहोममध्ये जॉन फोर्सेल यांच्याकडे शिक्षण झाले, १९३० मध्ये तिथल्या रॉयल ऑपेरात पदार्पण झाले आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ते पुचिनीच्या ‘ला बोहेम’ या ऑपेरातील कवी रोडोल्फो म्हणून उभे राहिले.

रोडोल्फोच्या भूमिकेतले ब्योर्लिंग ऐकायचे, तर १९५६ चे सर थॉमस बीचम यांच्या संचालनाखालील ध्वनिमुद्रण ऐकावे. पॅरिसमधल्या थंडगार माळ्यावर मेणबत्ती विझलेली आहे, शेजारच्या मिमीची हरवलेली किल्ली रोडोल्फोने सापडताच खिशात लपवली आहे आणि अंधारात तिचा गार हात हाती घेऊन तो स्वतःविषयी सांगू लागतो. या गाण्यातला ‘हाय सी’ हा अतिशय उंच स्वर अनेक टेनर वेगळा काढून, जणू श्रोत्यांपुढे मांडून दाखवतात. ब्योर्लिंग यांच्याकडे तो स्वर आधीच्या ओळीतूनच उगवतो आणि पुढच्या ओळीत सहज उतरतो, त्यामुळे गायकाचे कौशल्य नव्हे, तर त्या तरुण कवीचे भान हरपणे आपल्यापर्यंत येते. हुंदके नाहीत, ओढाताण नाही. दुःख असो वा प्रेम, ते सगळे स्वरांच्या सलग ओघात आहे.

ऑपेरात गायकापुढे परंपरेने मायक्रोफोन नसतो. वाद्यवृंदाच्या नादाची सर्वाधिक ऊर्जा साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते, तर कसलेल्या पुरुष गायकाच्या आवाजाला ३,००० हर्ट्झच्या सुमारास एक विशेष धार असते, म्हणून तो आरडाओरडा न करताही वाद्यांच्या वर तरंगत शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ब्योर्लिंग यांच्या आवाजातली ती चांदीसारखी लकाकी मला जुन्या, खरखरणाऱ्या ध्वनिमुद्रिकांतूनही स्पष्ट ऐकू येते.

मार्च १९६० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात ‘ला बोहेम’च्या प्रयोगापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तरीही त्यांनी रोडोल्फो गायला. ही हकिकत मी आदराने आठवतो, पण त्यांनी त्या रात्री विश्रांती घ्यायला हवी होती, असेच मला प्रत्येक वेळी वाटते.

त्यानंतर जूनमध्ये व्हिएन्नात वाद्यवृंद-संचालक फ्रिट्झ राइनर यांच्याबरोबर त्यांनी व्हेर्दीचे ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना, ध्वनिमुद्रित केले. त्यातील ‘इंजेमिस्को’ म्हणजे अपराधी जीवाने मागितलेली क्षमा. राइनर यांची लय अतिशय संथ आहे आणि अशा लयीत दमसास टिकवणे निरोगी गायकालाही कठीण. ब्योर्लिंग मात्र कुठेही घाई करत नाहीत, शेवटच्या चढत्या स्वरांतही याचनेचा भाव सोडत नाहीत. त्यांचे एकच ध्वनिमुद्रण जवळ ठेवायचे झाले, तर रोडोल्फोवर इतका जीव असूनही मी हेच ठेवीन.