निद्रानाशाच्या उपचाराचं ऑनलाइन ट्रेनिंग: एका फॅमिली डॉक्टरचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा दवाखाना आहे. ‘डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या’ म्हणणारा पेशंट ओपीडीत रोजचाच. जुन्या निद्रानाशाला पहिला उपचार गोळी नव्हे तर सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ सालीच सांगितलंय. पण ते करायचं कसं, हे एमबीबीएसला कुणी शिकवत नाही. म्हणून एका परदेशी ऑनलाइन कोर्सला नाव घातलं.

नोंदणी, फी, सुरुवातीची चाचणी यात सांगण्यासारखं काही नाही. व्हिडिओ दवाखाना बंद केल्यावर बघायचो. निद्रानाश का टिकतो याची मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांची मांडणी मात्र चटकन पटली: मुळातला स्वभाव, झोप उडवणारं निमित्त, आणि निमित्त सरल्यावरही झोप येऊ न देणाऱ्या सवयी. आपण ओपीडीत विचारतो ते ‘टेन्शन कसलं आहे?’ उपचार चालतो तो तिसऱ्या गोष्टीवर. झोप भरून काढायला लवकर आडवं होणं, दुपारी डुलकी, गादीवर पडून घड्याळ बघणं. चहा-मोबाइलचा उपदेश एकटा पुरत नाही, हेही तिथे स्वच्छ सांगितलं.

खरी कसोटी लागली पेशंट समोर बसल्यावर. शिवाजी पेठेतले एक निवृत्त काका. झोपेची डायरी भरून आणली: साडेनऊला गादीवर, साडेसहाला उठणं, आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तास. नऊ तासांत साडेपाच म्हणजे ६१ टक्के. गादीवरच्या वेळेतली झोप ८५ टक्क्यांच्या आसपास हवी. मी सांगितलं, रात्री बाराच्या आधी गादीला पाठ लावायची नाही आणि साडेपाचला उठायचंच.

“झोप येत न्हाई म्हणून आलोय, आणि तुम्ही आणि कमी करा म्हणताय व्हय?”

या प्रश्नाचं उत्तर कोर्सच्या व्हिडिओत पाच मिनिटांत पटतं. काकांना पटायला अर्धा तास गेला. जागरणानं झोपेची भूक वाढते, मग झोप सलग लागते, आणि ती सलग झाली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत न्यायची, हे कागदावर रेघा मारून दाखवलं. पहिले आठ-पंधरा दिवस दिवसा पेंग येणार, तेवढ्यात मोटारसायकल नको, हेही बजावलं. साडेपाचला उठून करायचं काय, तर रंकाळ्याला फेरी. तेवढं त्यांनी लगेच मान्य केलं.

दुसरी अडचण घराची. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा, हा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांचा १९७२चा नियम. व्हिडिओतल्या बाईंच्या घरी दुसरी खोली होती. काकांकडे सोपा, म्हणजे बाहेरची पडवी, तरी आहे, तिथे खुर्ची टाकली. पण एका खोलीत पाचजण निजतात तिथे काय करायचं? ऑनलाइन चर्चेत मी हे विचारलं. उत्तर आलं, गादीवरच उठून बसा, काहीतरी वाचा, पेंग आली की मगच आडवे व्हा. मुद्दा तळमळत पडून न राहण्याचा. अंधारात वाचायचं कसं, ते त्यांना नाही सांगता आलं. आमच्याकडे आता बायका जपमाळ ओढत बसतात.

कोर्समधला सगळ्यात कामाचा भाग मात्र हा: कुणाकुणाचे झोपेचे तास कमी करायचे नाहीत, ते. फिट येणारे, बायपोलर आजाराचे, घोरताना श्वास अडकणारे यांना आधी वेगळं काढायचं. चालू गोळी एकदम बंद करायची नाही. गळीत हंगामात ऊस ओढणारा एक ट्रॅक्टरचालक आला होता. रात्रपाळी, त्यात मागे दोन ट्रॉल्या. त्याचे तास मी कमी केले नाहीत. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ये म्हटलं; तोवर घोरण्याची तपासणी उरकून घेऊ.