काळ्या रेषा मोजणं बंद: चौथ्या हंगामाआधीची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की यंदा स्कीइंगला "जरा अवघड" डोंगरावर जायचं. ठिकाण ठरवायला दोन महिने लागले. ठरलं, पण ज्या कारणांनी ठरलं ती सुरुवातीच्या यादीत कुठेच नव्हती. म्हणून ही नोंद लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी हिशेब. तीन हंगामांत मिळून स्कीवर 34 दिवस. (नकाशावर निळा उतार सोपा, लाल मधला, काळा सगळ्यात अवघड.) लाल उतार आरामात. रात्री मशीन फिरवून सपाट केलेला काळा उतार बिचकत, पण न पडता. मोगल, म्हणजे ती बर्फाची टेंगळं, एका दमात चार-पाच वळणं. मग बाजूला थांबून श्वास आणि अब्रू दोन्ही सावरायची. ताज्या बर्फात घोट्यापर्यंत ठीक, गुडघ्यापर्यंत गेलं की मी गाडलेली. ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या उतारांबाहेर (आखलेला उतार म्हणजे पिस्ट), एकूण दीड दिवस, तेही गाइडच्या मागे शेपटीसारखी.

पहिली यादी उत्साहात केली होती: फ्रान्समधलं शामोनी, स्वित्झर्लंडमधलं व्हर्बिए, ऑस्ट्रियातलं सांक्ट आन्टोन, अमेरिकेतलं जॅक्सन होल आणि आपलं गुलमर्ग. निवडायची रीत साधी, नकाशा उघडायचा आणि काळ्या रेषा मोजायच्या. ज्याच्या रेषा जास्त तो डोंगर अवघड. हसू नका, तुम्हीही हेच केलं असणार.

ही रीत का सोडली, ते गेल्या हंगामातल्या एका दुपारीत आहे. ठिकाणाचं नाव घेत नाही, चूक माझी होती. शेवटच्या चेअरलिफ्टने वर गेलो तेव्हा ऊन होतं. वर पोचेपर्यंत ढग खाली आले आणि बर्फ, आकाश, समोरचा उतार सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं झालं. सावली नाही, तर उंचवटा दिसत नाही. पायाखाली खड्डा आला की गुडघ्याला कळतं, डोळ्याला नाही. त्या लिफ्टवरून खाली यायला एकच वाट. सकाळी तीच वाट सपाट, सुंदर होती. चार वाजेपर्यंत शेकडो लोकांनी खरवडून तिचे दोन भाग केले होते: मध्ये निळसर चकाकणारा बर्फ आणि कडेला कमरेएवढी टेंगळं. स्कीच्या कडा लावल्या की खर्र आवाज यायचा आणि पकड मात्र नाही. उंचीतला फरक जेमतेम तीनशे मीटर. मला एक तास दहा मिनिटं लागली, त्यातली निम्मी आडवी घसरत, म्हणजे साइडस्लिप करत. लिफ्टने खाली जाऊ का असं विचारायला परत वर चढणंही शक्य नव्हतं, आणि त्या चेअरलिफ्टवर खाली जाणाऱ्यांना बसवत नव्हतेच.

नकाशावर त्या उताराचा रंग लाल होता.

तेव्हापासून मी नकाशा उलटा वाचते, माथ्यावरून सुरुवात करून. प्रत्येक वरच्या लिफ्टच्या टोकाला बोट ठेवायचं आणि विचारायचं: इथून खाली यायला किती वाटा? सगळ्यात सोपी कोणती? तीही मोडली तर लिफ्टने खाली येता येतं का? आपल्या चांगल्या दिवसासाठी डोंगर निवडायला कुणालाही जमतं. मी आता माझा वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवून निवडते. घरच्यांना हे फार निराशावादी वाटतं. त्यांनी ती दुपार पाहिलेली नाही.

रंगांबद्दल थोडं, कारण नव्यांचा इथेच गोंधळ होतो. युरोपात साधारण हिरवा, निळा, लाल, काळा असा क्रम. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये हिरवा सहसा नसतोच, निळ्यापासून सुरुवात. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि त्यापुढे दोन काळे हिरे. तिथे लाल नाही. रंग त्या-त्या डोंगरापुरता असतो. इथला काळा तिथला लाल निघू शकतो. शिवाय रंग चढाचा असतो, बर्फाच्या त्या दिवशीच्या अवस्थेचा नसतो. माझ्या मते मशीनने सपाट केलेला काळा उतार मोगल झालेल्या लाल उतारापेक्षा सोपा, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणि टक्क्यांनी घाबरू नका. ऑस्ट्रियात मायरहोफेनच्या 'हाराकिरी' उतारावर 78 टक्के लिहिलेलं असतं. ऐकून वाटतं जवळजवळ भिंतच. 100 टक्के म्हणजे 45 अंश, त्यामुळे 78 टक्के म्हणजे 38 अंश. 38 अंश वरून बघताना भयंकरच दिसतात, पण भिंत नव्हे. पिस्टच्या एकूण किलोमीटरवरही फार जाऊ नका. क्रिस्टोफ श्राहे या जर्मन जाणकाराने मोजून दाखवलं होतं की बऱ्याच ठिकाणांचे आकडे फुगवलेले असतात. काहीजण तर उताराची लांबी न धरता स्कीच्या नागमोडी वळणांची लांबी धरत होते. मी कपाटातले शर्टही असेच मोजले तर माझ्याकडे पन्नास शर्ट आहेत.

आता यादी कशी गळत गेली.

जॅक्सन होलने सगळ्यात जास्त मोह घातला. एका सलग धारेवर 1262 मीटरचा उतार, आणि ट्राम, म्हणजे तिथली मोठी केबल कार, थेट 3185 मीटरवर नेऊन सोडते. पण बोट ठेवून पाहिलं: ट्रामच्या माथ्यावरून सोपी वाट नाहीच, सगळ्यात सोपी तीही काळी. कॉर्बेट्स कुलुआरचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, जिथे कड्यावरून अरुंद घळीत उडी टाकूनच शिरावं लागतं. ते माझ्यासाठी पुढच्या जन्मी. खालच्या गोंडोलांवर मला पुरेसं काम मिळालं असतं, पण ज्यासाठी जायचं ते सोडून खाली फिरत बसणं मला जमलं नसतं. मोहाला बळी पडणारी आहे मी, म्हणून बाद.

शामोनीचं वेगळंच. 1924 चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक तिथलं, त्यामुळे नावात दबदबा. पण तो एक स्की-विभाग नाही. ब्रेव्हाँ आणि फ्लेजेर जोडलेले आहेत, बाकी ग्राँ माँते, ले तूर, ले झूश दरीत विखुरलेले, मध्ये बस. रोज सकाळी हवा बघून कुठे जायचं ते ठरवायचं. दरीची सवय असलेल्याला ते सुख आहे, आठवड्यासाठी येणाऱ्याला डोकेदुखी. वाले ब्लाँश मात्र मनातून जात नाही: 3842 मीटरवरच्या एग्वी द्यू मिदीच्या केबल कारमधून बाहेर पडायचं, दोराला बांधून अरुंद धारेवरून उतरायचं आणि मग हिमनदीवरून सुमारे 20 किलोमीटर. उतार म्हणून तो तितका तीव्र नाही हे ऐकून लोक हुरळतात. तिथली खरी अडचण बर्फाखालच्या भेगा आहेत, म्हणून गाइड हवाच. पुढच्या कधीतरीच्या वहीत लिहून ठेवलं.

व्हर्बिएचा माँ फोर 3330 मीटर. वरून खाली काळा मोगलचा उतार, पण केबल कारने परत येता येतं, म्हणजे माझ्या परीक्षेत पास. तिथला तोर्तँ हा 'इटिनेररी' प्रकारचा आहे: वाट खुणावलेली, हिमस्खलनापासून सांभाळलेली, पण मशीन कधीच फिरत नाही. ही कल्पना मला आवडली. अडलं ते आमच्या बोर्डवाल्यामुळे. आम्ही तिघं, त्यातला एक स्नोबोर्डवर. स्कीवाल्यांना सपाट वाट आली तर काठ्या मारत पुढे जाता येतं, त्याला एक पाय सोडून ढकलत चालावं लागतं. अशा मोठ्या जोडलेल्या विभागांत एका दरीतून दुसरीत जाताना लांब सपाट वाटा लागतात. नकाशा बघून तो दहा मिनिटं गप्प बसला. तो एरवी गप्प बसत नाही.

गुलमर्गवरून आमच्यात भांडण झालं. पायथा सुमारे 2650 मीटर, गोंडोलाचा दुसरा टप्पा जवळजवळ 4000 मीटरपर्यंत. वर सपाट केलेले उतार नाहीतच म्हणायचे. आखलेल्या, सांभाळलेल्या पट्ट्याबाहेर पाय टाकला की तो उघडा हिमालय. बर्फ पडला की वरचा टप्पा बंद राहतो, आणि उघडतो तेव्हा सगळे एकदम वर धावतात. दीड दिवसाच्या ऑफ-पिस्ट शिदोरीवर तिथे जाणं म्हणजे पोहायला शिकून लगेच समुद्रात उडी. जायचंच आहे, पण पात्र होऊन. फ्रान्समधल्या ला ग्राव्हलाही हेच लागू, तिथे तर सुमारे 2150 मीटरच्या अख्ख्या उतरणीवर आखलेलं जवळजवळ काहीच नाही.

उरलं सांक्ट आन्टोन, आणि खरं सांगते, तोवर ते माझ्या मनात शेवटच्या क्रमांकावर होतं. गाव 1304 मीटरवर, वरचं टोक वाल्लुगा 2811. युरोपातल्या मोठ्या नावांच्या मानाने उंची माफक. पण इथले लाल उतार बाकीच्यांच्या काळ्यांशी बरोबरी करतात अशी त्यांची ख्याती, आणि मला नेमकं तेच हवं होतं: रंगाने घाबरवणारं नाही, खरोखर थकवणारं. शिंडलर कार आणि माट्टुन हे 'स्कीरूट' आहेत, म्हणजे खुणावलेले, मशीन न फिरवलेले, मोगल झालेले. प्रत्येकाच्या शेजारी पळवाट आहे. वाल्लुगाच्या अगदी टोकाच्या केबिनमध्ये स्की घेऊन जायचं तर सोबत गाइड लागतो; हा नियम मला फार शहाणपणाचा वाटला, कारण तो मला माझ्यापासूनच वाचवतो. रेल्वे स्टेशनवर उतरून लिफ्टपर्यंत चालत जाता येतं हा वरचा नफा. एकच गोष्ट खटकते: संध्याकाळी सगळी गर्दी श्टाइसबाखटालच्या घळीतून गावाकडे वाहते. तिथून तीन वाजता निघायचं किंवा साडेचारला, मधे नाही.

तारखांत मात्र मी तोंडावर पडणार होते. मार्चचा पहिला आठवडा मनात होता: दिवस मोठा, थंडी कमी, खाली बर्फाचा थर जाड. मग उतारांची तोंडं तपासली. गावावरचे मुख्य उतार बरेचसे दक्षिणेकडे तोंड करून आहेत. मार्चमध्ये दक्षिणेचा बर्फ दुपारी वितळतो, रात्री गोठतो, सकाळी काच आणि दोननंतर लापशी. उत्तरेच्या उतारांवर तोच बर्फ आठवडाभर कोरडा राहतो. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा: थंडी जास्त, दिवस छोटा, पण बर्फ टिकेल आणि फेब्रुवारीच्या शाळांच्या सुट्ट्यांची झुंबड अजून यायची असेल. ज्यांनी मार्चच सुचवला होता त्यांना माझं उत्तर हेच.

आता सरावाची नोंद, कारण ही लॉग आहे, प्रवासवर्णन नाही.

मोगलवर मी आजवर टेंगळांच्या मधल्या घळीतून जात होते. घळीत बर्फ खरवडलेला असतो, वेग वाढतो, तिसऱ्या वळणाला मागे झुकते, चौथ्याला बसते. गेल्या चार दिवसांत प्रशिक्षकाने एकच गोष्ट करायला लावली: वळण टेंगळाच्या माथ्यावर सुरू करायचं आणि मागच्या उतारावर आडवं घसरत वेग मारायचा. माथ्यावर स्कीची पुढची आणि मागची टोकं हवेत असतात, फक्त पायाखालचा तेवढा भाग टेकलेला. बोट फिरवल्यासारखी स्की फिरते. पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा मी खुळ्यासारखी हसले आणि लगेच पडले. काठी पुढे टेंगळाच्या पलीकडे टेकवायची, हात मागे राहू द्यायचा नाही. माझा डावा हात अजून मागे राहतो, जणू त्याला घरी जायचंय.

सलग वळणं: पहिल्या दिवशी 5, चौथ्या दिवशी 14. ज्या दिवशी आडवं घसरणं नीट जमलं त्या दिवशी भीती निम्मी झाली, कारण ते जमलं की कुठल्याही उतारावरून खाली येता येतं, फक्त दिसायला वाईट.

बीकनचा, म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायच्या रेडिओ यंत्राचा, सरावही सुरू आहे. तिघांकडे बीकन, फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब काठी. 457 किलोहर्ट्झवर सगळ्या कंपन्यांचे बीकन एकमेकांना ऐकतात, तेव्हा कुठलं घ्यावं यावर रात्री जागू नका. घेतलेलं वापरून बघा. पिशवीत गुंडाळून पुरलेलं बीकन शोधायला मला पहिल्यांदा साडेसहा मिनिटं लागली, काल तीन. गाडल्या गेलेल्या माणसाचा वाचण्याचा संभव पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कोसळतो, आणि खणायला वेळ वेगळाच लागतो, म्हणून तीनही जास्तच. सांक्ट आन्टोन ज्या प्रांतात आहे त्या तिरोलचं हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक संध्याकाळी पाचला दुसऱ्या दिवसासाठी निघतं. त्यातल्या धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरीला मी आधी "मधली, म्हणजे बरी" समजायचे. ती बरी नाही. 30 अंशांच्या वरच्या उतारांवर तिसऱ्या पायरीत एकटा स्कीवालाही थर सुटायला पुरतो. आम्ही ठरवलंय: तीन लिहिलेलं असलं तर आखलेल्या वाटा सोडायच्या नाहीत, गाइड असेल तरच त्याच्या सांगण्यावरून.

बूट अजून प्रश्न आहे. उजव्या बुटाचं तिसरं बकल एका खाचेवर सैल, पुढच्या खाचेवर पाय बधिर. आतलं लायनर दाबून गेलंय. परवा बूट दाखवायला जातेय. बोर्डवाल्याने सांक्ट आन्टोनचा नकाशा घेतला, सपाट वाटा पिवळ्या पेनने रंगवल्या आणि म्हणाला, "चार आहेत, चालेल." मी मोजल्या तर सहा निघाल्या. अजून त्याला सांगितलेलं नाही.