वर्गणीची पावती: एंटर दाबलं की पुढे, पण कुठे?

नोंद तिसरी, रविवार. मागच्या खेपेला वर्गणीच्या पावतीसाठी मी बनवत असलेला ब्राउझरमधला फॉर्म दिसायला मंडळाच्या पावतीपुस्तकासारखा झाला, इतकंच. या आठवड्यात तो पहिल्यांदा काकांच्या हातात दिला आणि दहा मिनिटांत शून्य रुपयांच्या तीन पावत्या निघाल्या.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: कोथरूडमधली आमची सोसायटी, गणपतीची वर्गणी, पार्किंगमधलं टेबल, जुना लॅपटॉप आणि त्याला जोडलेला मोठा कीबोर्ड. काका खजिनदार. अर्धं आयुष्य टॅलीवर (हिशेबाचं सॉफ्टवेअर) गेलेलं, त्यामुळे उजवा हात आकड्यांच्या बटणांवरून हलत नाही आणि डावीकडचा टॅब (ब्राउझरमध्ये पुढच्या रकान्यावर नेणारं बटण) त्यांच्या हिशेबी परगावी. टॅलीत एंटर मारलं की पुढचा रकाना येतो. ब्राउझरमध्ये एका ओळीच्या चौकटीत एंटर मारलं की अख्खा फॉर्मच सबमिट होतो. नाव लिहिलं, एंटर, झाली पावती. रक्कम सक्तीची करायला मी विसरलो होतो, तो गाढवपणा माझा.

मग कीडाउनवर, म्हणजे बटण दाबलं जाताच, एंटर अडवला, प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं (ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवलं) आणि फोकस, म्हणजे टायपिंगची जागा, पुढच्या रकान्यावर नेला. पाच-सात ओळींचं काम. पत्त्याची मोठी चौकट मात्र यातून वगळली, तिथे एंटरने नवीन ओळच यायला हवी.

खरी गंमत नावाच्या रकान्यात. काका नाव मराठीत लिहितात, फोनेटिक कीबोर्डवर. इंग्रजी अक्षरं टाइप केली की खाली शब्दांची यादी येते आणि हवा तो शब्द काका एंटरने निवडतात. माझा कोड तोच एंटर पकडून पुढे पळत होता, आडनाव अर्धवट टाकून. काकांना वाटलं कीबोर्ड बिघडला. उपाय एका शब्दाचा निघाला: बटण दाबल्याची जी माहिती ब्राउझर देतो, तिच्यातलं इजकंपोझिंग (शब्द अजून जुळवला जातोय, ही खूण) खरं असेल तर त्या एंटरला हात लावायचा नाही. इंग्रजीत टाइप करून चाचणी घेतली तर हा घोळ जन्मात दिसणार नाही. देवनागरीत चाचणी घ्या, एवढंच सांगेन.

रकान्यांचा क्रम ठरवायला सुरुवातीला टॅबइंडेक्सला (टॅब कोणत्या क्रमाने फिरेल ते सांगणारी खूण) १ ते ७ आकडे दिले होते. मग यूपीआयच्या व्यवहार क्रमांकाचा रकाना वाढवला आणि त्याला आकडा द्यायचा राहिला. शून्यापेक्षा मोठे आकडे असलेले रकाने आधी येतात, बाकीचे त्यांच्या मागून. त्यामुळे टॅब मारला की तो मधला रकाना सगळ्यात शेवटी. सगळे आकडे काढून टाकले आणि एचटीएमएलमध्येच, म्हणजे पानाच्या मूळ लिखाणात, रकाने हव्या त्या क्रमाने लिहिले. सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) जागा बदलली तरी टॅबचा क्रम बदलत नाही, तो मूळ लिखाणाप्रमाणेच चालतो. म्हणून पुस्तकासारखी उजव्या कोपऱ्यात नेलेली तारीखही मुकाट्याने वर डावीकडे आणली.

‘रक्कम अक्षरी’ आपोआप भरते. ती रीडओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, केली होती, तरी काकांचा एंटर तिथे थांबायचाच, कारण रीडओन्ली रकान्यावर फोकस जातो. आता तिला टॅबइंडेक्स उणे एक दिला आहे, म्हणजे टॅब तिला वगळतो, आणि एंटरच्या यादीतूनही ती काढली.

मागे जायला काका वरचा बाण दाबतात. रक्कम मी नंबर प्रकारात ठेवलेली, तिथे वरचा बाण आकडा एकाने वाढवतो. ५०१ ची वर्गणी ५०२ झाली. एक रुपयासाठी रोजमेळ जुळेना, काका तासभर वह्या चाळत बसले. आता प्रकार टेक्स्ट (साधा मजकूर), इनपुटमोड न्यूमेरिक (मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून), आणि वरच्या बाणाने खरंच मागचा रकाना येतो. मोबाइल नंबरचे दहा आकडे झाले की आपोआप पुढे जायची हौसही एक दिवस करून पाहिली. काका सवयीने एंटर मारत, म्हणजे एका ऐवजी दोन रकाने पुढे. काढलं.

रोख की यूपीआय, या दोन गोल बटणांवर टॅब एकदाच थांबतो आणि आत बाणांनी निवड होते. माझी एंटरची यादी दोन्ही बटणं वेगवेगळी मोजत होती. आता निवडलेल्या बटणावरच जाते, आणि सुरुवातीला रोख निवडलेलं असतं. (इथे वरचा बाण निवड बदलायलाच ठेवला आहे. काकांनी अजून तक्रार केलेली नाही.)

शेवटच्या रकान्यावरचा एंटर थेट सबमिट करत नाही, ‘पावती छापा’ बटणावर नेतो. दुसरा एंटर छापतो. शून्याच्या पावत्यांनंतर एवढी खबरदारी हवीच होती.

काल संध्याकाळी पंधरा-वीस पावत्या केल्या, एकही चुकली नाही. शाबासकीची वाट बघत होतो. काका चष्मा पुसत म्हणाले, “अरे, सगळं बरोबर आहे. पण आधी रक्कम विचारतोस आणि मग रोख का यूपीआय. नोटा हातात पडल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही, एवढी वर्षं झाली.”

खरंच की. पावतीपुस्तकात रक्कम वर होती म्हणून मी वर ठेवली. आता ते दोन रकाने एकमेकांच्या जागी टाकतोय.