इम्प्रेसुमच्या पत्त्यात अडकलेले सहा आठवडे

बर्लिनमध्ये मी मराठी अक्षरांचे लाकडी ठोकळे ऑनलाइन विकायला घेतले. व्यवसायाची नोंदणी लगेच झाली, मालाच्या खोक्यांसाठी लुसिड या पॅकेजिंगच्या नोंदवहीत नाव घालणं तर घरबसल्या, फुकटात. अडलं ते इम्प्रेसुमवर.

इम्प्रेसुम म्हणजे वेबसाइटवर मालकाचं नाव, पत्ता, ईमेल उघड लिहायचं पान. त्यामागचा युरोपीय संघाचा मूळ निर्देश २००० सालचा, सगळ्या सदस्य देशांना लागू; पण इथे त्याचा धाक फार. चुकलात तर ५० हजार युरोपर्यंत दंड, शिवाय स्पर्धक दुकानदारही वकिलाकरवी ‘आबमानुंग’, म्हणजे ताकीदवजा नोटीस, धाडू शकतो.

पोस्ट बॉक्स चालत नाही. कोर्टाचे कागद पोचवता येतील असाच पत्ता हवा. घरात दोन लहान मुली. राहता पत्ता जगाला द्यायला मन धजेना. म्हणून एका कंपनीकडून महिन्याच्या भाड्यावर पत्ता घेतला. ‘टपाल आलं की त्याच दिवशी कळवू,’ असं करारात होतं. खात्री करावी म्हणून मीच स्वतःला एक पत्र टाकलं. दहा दिवसांनी ते परत आलं: या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही!

तडक तिथे गेले. खाली तीसेक टपालपेट्या, एकीवरही माझं नाव नाही. इथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो. कंपनीला फोन केला तर म्हणे, नावासाठी वेगळा अर्ज करा. केला. मग तो दुसऱ्या विभागाकडे गेला, तिथून उत्तरच नाही. भाडं मात्र वेळेवर कापलं जात होतं! सहाव्या आठवड्यात मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, नाव लागेपर्यंत हलले नाही. बोटभर पट्टी, दोन मिनिटांचं काम. दुसरं पत्र पोचल्याचा ईमेल आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा पत्ता भाड्याने घेणार असाल, तर आधी पेटीवरचं नाव डोळ्यांनी बघा, मगच पैसे भरा.

हो, फॉन्टचं राहिलंच. गूगलचे फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. ते थेट गूगलकडून आल्याने वेबसाइट बघणाऱ्याचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) तिकडे गेला, म्हणून म्युनिकच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये वेबसाइट चालवणाऱ्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. आणि इतर सदस्य देशांतल्या ग्राहकांना मिळून वर्षाला १० हजार युरोंवर विक्री गेली, की त्या त्या देशाचा व्हॅट लागतो.

त्या इमारतीवरून जाताना मी अजूनही आत डोकावते, पट्टी जागेवर आहे ना ते बघायला.